पाहुण्याच्या अकरा बिया

देव्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी काय दिवे लावले, ते माझ्याच तोंडून ऐक. गावातलं कोणी माझ्याआधी तुझ्यापर्यंत पोचलं तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि या वर्षी म्हाताऱ्यांची घाई पाहता कोणीतरी पोचेलच.

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. आयुष्यात मी माइकसमोर दोनदाच बोललोय, दोन्ही वेळा पोरींच्या लग्नात, वऱ्हाडाचे आभार मानायला. समोर मांडव दिसला, खुर्च्या दिसल्या, आणि जिभेला जी एकच वाट ठाऊक होती ती तिनं धरली. ‘‘आजच्या या मंगल प्रसंगी आपण सर्व बहुसंख्येनं उपस्थित राहिलात...’’ इथवर गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं.  मी तुझ्या फोटोकडे पाहिलं, तर तू त्यात हसत होतास. पुढं काही सुचेना म्हणून खाली बसायला गेलो, तेवढ्यात कोणीतरी खुर्ची मागं सरकवलेली. तुझ्या शाळेतल्या दोन मास्तरांनी काखेत हात घालून उठवलं. बिचारा दुःखानं कोसळला, असं लोक म्हणाले. ते खोटं नव्हतं, देव्या. फक्त त्या घडीला कारण खुर्ची होती.

कार्यक्रम उरकल्यावर सुमनवहिनीनं मला मागच्या अंगणात नेलं. आंब्याच्या सावलीत रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, मातीनं भरलेल्या, ओल्या.

‘‘अकरा हायेत, भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘यांनी सांगतली तशीच माती भरली. अर्धा पाचोळा, अर्धी माती. सकाळ-संध्याकाळ पाणी मारून राह्यली. बिया कवा लावता?’’

‘‘वहिनी, तुमी फिकर करू नका. अशा सांभाळल्या, अशा सांभाळल्या...’’ आणि मी खिशातून पत्र्याची डबी काढून तिच्यासमोर वाजवली. खुळखुळ, खुळखुळ. पांढऱ्या साडीतल्या बाईसमोर, तिच्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला, मी खुळखुळा वाजवला.

ती म्हणाली, ‘‘पहिलं रोप आमच्या दारात लावू. हे रोज तेच म्हणत.’’ मग तिनं तुझी वही माझ्या हातात दिली. ‘‘तुमालेच द्या म्हणे.’’

वही घरी येऊन उघडली. ‘पाहुणा’ असं वर लिहिलेलं पान सापडलं. त्यावर तुझं मास्तरी अक्षर: ‘याची बी ओली असेतो जिवंत. वाळली की मेली. फळ फोडल्यावर ओल्या शेवाळात गुंडाळावी, आठ दिवसांच्या आत मातीत जावी.’ ‘वाळली की मेली’च्या खाली दोन रेघा.

तर बिया मेल्या, देव्या. अकराच्या अकरा. मी मारल्या. आणि कशा, तर लाडानं, गच्चीवर, वैशाखातल्या उन्हात, सहा दिवस.

हे मी तुला सांगायला बसलोय. वहिनीला सांगायची हिंमत होत नाही. तुझ्यासमोर मी आयुष्यभर गाढवपणा केला, त्यामुळं इथं सराव आहे.

*

तू मला पहिल्यांदा गारदऱ्यात नेलंस ते माझ्याकडे मोटरसायकल होती म्हणून. दुसरं कारण असेल असं मला आजही वाटत नाही. वर पठारावर आपली गावं, माझी वांगी, लोकांचा कापूस, उन्हाळ्यात पायाला चटके देणारी काळी माती. आणि खाली त्या फटीत उतरलं की दहा पावलांत अंगावर शहारा. वरून धारेचे तुषार, खडकांवर बोटभर जाड शेवाळ, भिंतीला लटकलेले नेचे, आणि वाटेत सगळीकडे चिखल. मी पहिल्याच दिवशी त्यात बसलो. उभ्याचा बसलो.

मधोमध ते झाड. वरचा साग उघडाबोडका झालेला, मोईच्या झाडांची हाडं दिसत होती, आणि हा पठ्ठ्या भर एप्रिलमध्ये काळाशार हिरवा.

‘‘जांभूळ हाये,’’ मी जाहीर केलं.

‘‘पान पाह्य.’’

‘‘मग आंबा असन.’’

‘‘गंग्या, तू माळ्याचा हायेस का न्हाव्याचा? पान पाह्य म्हणलं न.’’

पानाच्या टोकाला लांब शेपूट होतं. मी म्हटलं, अळीनं खाल्लंय. तू कपाळावर हात मारलास आणि खडकावर बसून मला पाचवीतल्या पोरासारखं शिकवलंस. ते शेपूट पाणी निथळायला असतं. जिथं महिनोन्महिने पाऊस थांबत नाही तिथल्या झाडाला लागतं. कधीकाळी इथंही तशी ओल होती, तसं रान होतं, झाडावर झाड, वेलीवर वेल, जमिनीला ऊन माहीत नाही. मग पाऊस कमी होत गेला. साग, मोई, तेंदू यांचं भागलं, कारण उन्हाळा आला की पानं टाकून त्यांना झोपता येतं. ‘‘याले पानं टाकता येत नाहीत,’’ तू म्हणालास. ‘‘याले झोपच माहीत नाही. म्हणून हा या फटीत घुसून बसला. बाकीचे गेले, हा राह्यला.’’

खालच्या गुड्यातल्या, वस्तीवरच्या म्हाताऱ्या गोंडांनाही त्याचं नाव माहीत नव्हतं. पुस्तकात शोधलंस, पानं दाबून कुठंकुठं पाठवलीस. एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. शेवटी तू त्याला पाहुणा म्हणायला लागलास. मी म्हटलं, जो हजारो वर्षं जात नाही तो पाहुणा कसला, तो घरजावई. तू हसला नाहीस. तुला पाहुण्याबद्दलचे विनोद आवडत नसत.

माझ्या मदतीचा तुला किती ताप झाला हे आठवलं की आजही कानाची पाळी गरम होते. एकदा तू त्या खडकावर घसरलास. मी पुढच्या वेळी तुझ्याआधी खाली उतरलो आणि विळ्यानं अख्खा खडक खरवडून लख्ख केला. म्हटलं, मास्तर खूश होईल. तू आलास, पाहिलंस, खाली बसलास. तासभर बोलला नाहीस. मग एकच वाक्य: ‘‘वीस वर्षांचं शेवाळ होतं बे ते. त्यात पाहुण्याचं बी रुजते.’’ एकदा मी खिशातून मूठभर युरिया काढून त्याच्या बुंध्याशी टाकला, चोरून, सरप्राइज म्हणून. तू गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचलास आणि मला शिव्या दिल्यास त्या सगळ्या मला पाठ आहेत. मास्तरला इतक्या येतात हे तेव्हा कळलं. पाचोळ्याखाली पांढरे धागे दाखवलेस, बुरशीचे, म्हणालास की हे त्याला भरवतात, तुझ्या युरियानं हे मरतात. मी म्हटलं, ‘‘मग पिकाले काऊन चालते?’’ तू म्हणालास, ‘‘वावर वेगळं, रान वेगळं. कवा समजन तुले?’’

ऐकायचो मी. म्हणजे मान हलवायचो. तू मागं बसून गावापर्यंत बोलत असायचास आणि माझ्या डोक्यात वांग्यावरची अळी असायची. पाहुण्याला पाच-सहा वर्षांनी एकदा फळ येतं, हे तू तेव्हाच सांगितलंस. फळ इतकं मोठं की ते गिळून लांब नेणारं पाखरू आता इथं राह्यलं नाही. बुडाशीच पडतं, साळिंदर फोडून खातं. एखादं रुजलं तर पुढच्या उन्हाळ्यात झरा आटतो आणि पोर मरतं. म्हणून बी वर आणून, सावलीत दोन वर्षं वाढवून मग खाली न्यायचं. हे सगळं मला आठवतं. आणि बी ओली ठेवायची, हेही तू नक्कीच सांगितलं असशील. दहादा सांगितलं असशील. मी ‘‘हो हो’’ म्हटलं असेल.

*

झऱ्यावरून आपलं भांडण झालं ते अर्धवटच राह्यलं.

तू म्हणालास, झरा आधी मेच्या शेवटापर्यंत असायचा, आता मार्चमध्ये करंगळीएवढा होतो, कारण वर पठारावर बोअर झाले. मी विचारलं, कोणाचे? तू म्हणालास, सगळ्यांचे. मी म्हटलं, ‘‘नाव घेऊन बोल.’’ तू नाव घेतलंस. दऱ्याच्या अगदी डोक्यावर कोणाचा मळा आहे, हे काय मला माहीत नव्हतं?

‘‘मग वांगी तुझ्या शेवाळावर लावू का?’’ मी ओरडलो.

‘‘लाव. खडक साफ करून ठेवलाच हायेस.’’

आठ दिवस आपण बोललो नाही. मग तू स्वतःच आलास, ओट्यावर बसलास आणि म्हणालास, ‘‘चाय टाकाले सांग.’’ भांडण तिथंच राह्यलं.  पावसानं पुन्हा दडी मारलीय, झऱ्याला तेवढंच पाणी मिळावं म्हणून तुझ्या नावानं मागच्या आठवड्यात बोअर बंद ठेवला. चौथ्या दिवशी वांग्यांनी माना टाकल्या आणि मी बटण दाबलं. हेही तुझ्या कानावर घालून ठेवतो.

आणि त्या चहावरून आठवलं. आपण ज्यावर एकदाही बोललो नाही ती गोष्ट. तुझी माय आमच्या मळ्यात कामाला यायची तेव्हा तिची कपबशी वळचणीला खोचलेली असायची, वेगळी. मी पाहिलेली आहे. तिच्या पदराला धरून उभा असायचास, म्हणजे तूही पाहिलेली आहेस. पुढं तू मास्तर झालास, माझ्या पोरी तुझ्या हाताखाली शिकल्या, तू माझ्या ओट्यावर हक्कानं चहा मागायला लागलास, आणि मला वाटलं, झालं, मिटलं. मी कधी विचारलंच नाही की तुझ्याकडूनही मिटलं का.

त्या मायनंच आमची बी राखली. लोक म्हणत, गंग्याच्या बापाच्या वांग्याची बी एकही फसत नाही. आमचा बाप छाती फुगवायचा. पण वाळवायची तुझी माय. कडक ऊन पाहून पसरायची, दर घटकेला परतायची, दाताखाली धरून पाहायची, गोवरीची राख चाळून त्यात घोळवायची. भोपळ्याची बी कानाशी धरून हलवायची, आत खुळखुळ वाजलं की म्हणायची, ‘‘आता झाली शाहणी.’’

*

यंदा पाहुण्याला फळ आलं तेव्हा तुझ्या पायांवर सूज होती. तरी आलास. दऱ्याच्या काठावरच्या तेंदूपर्यंत मी तुला मागं बसवून आणलं. पुढं उतरणं तुला जमेना. तू तिथंच बुडाशी बसलास आणि मला खाली पाठवलंस.

‘‘जे चांगले असन ते आण. फुटके नको. आन कशाले साफ करू नको, तुले हात जोडतो.’’

साळिंदरानं बहुतेक खाल्ली होती. पाचोळ्यात हात घालघालून अकरा मिळाली. दुपट्ट्यात बांधून वर आणली. तू एक फळ नाकाशी धरलंस आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसलास. मी म्हटलं, झोपला का काय. डोळे उघडून तू म्हणालास, ‘‘गंग्या, सहा वर्षं वाट पाह्यली.’’

दुसऱ्या दिवशी तुला नागपूरला न्यायची गाडी आली. खिडकीतून माझा हात धरलास. ‘‘बी सांभाळ. मी येतोच.’’

बस्स. एवढंच म्हणालास. लावून टाक म्हणाला असतास तर मी लावून टाकल्या असत्या. तू सांभाळ म्हणालास, आणि मला आयुष्यात बी सांभाळायची एकच रीत माहीत, ती तुझ्या मायची. म्हणून मी मनापासून केलं, देव्या. इतक्या मनापासून मी काही म्हणजे काही केलं नव्हतं. फळं फोडली, बिया धुतल्या, सुपारीएवढ्या, ओलसर, जडशीळ. गच्चीवर स्वच्छ धोतर अंथरलं. दिवसभर शेजारी बसून परतल्या. बायको म्हणाली, घरच्या पोरीला एवढं जपलं नाही. सहाव्या दिवशी एक कानाशी धरली. आत खुळखुळ. मला इतका आनंद झाला की मी गच्चीवरून ओरडून बायकोला सांगितलं, ‘‘झाली शाहणी!’’

मग राखेत ठेवल्या. आणि तुला दाखवायच्या म्हणून राख झटकून, डबीत भरून, नागपूरला घेऊन आलो.

तो दवाखान्यातला दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू उशीला टेकलेला, हाताला नळी, चेहरा सुजलेला. मला पाहून पहिलं वाक्य: ‘‘बिया कशा हायेत?’’

मी डबी काढली. ‘‘झकास! ऐक.’’ आणि मी एकेक बी तुझ्या कानाशी धरून वाजवली. तुझ्या कानाशी, देव्या. एक. दुसरी. तिसरी. तू छताकडे पाहत ऐकत होतास. चौथीला माझं मनगट धरलंस.

‘‘बस.’’

‘‘अजून सात हायेत.’’

‘‘राहू दे. मायसारख्या वाळवल्यास?’’

‘‘अगदी तशाच. राखेत घालून.’’

तू उशीवर मान माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालास, ‘‘बरं केलं.’’ आणि माझा हात थोपटलास.

मी एसटीत बसून शिटी वाजवत परत आलो. सहा दिवसांनी तू गेलास.

*

शेवाळ खरवडलं तर तासभर बोलला नाहीस. मूठभर युरियासाठी मला माझ्या बापापर्यंत नेऊन आणलंस. आणि सहा वर्षांच्या वाटेचं मी मातेरं केलं, वर तुझ्या कानात ते वाजवून दाखवलं, तर ‘‘बरं केलं’’? काऊन बे? शिवी काऊन नाही दिली? शिवी दिली असतीस तर मी तिथल्या तिथं ओळखलं असतं आणि पुन्हा दऱ्याकडे पळालो असतो, तेव्हा एखादं फळ पाचोळ्यात राह्यलंही असतं. तू हात थोपटलास तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की तू आशा सोडलीयस. बियांची नव्हे, स्वतःची. पण मला एवढं कळत असतं तर मग काय पाहिजे होतं.

वही वाचली त्याच दिवशी मी बिया पाण्यात घातल्या. म्हटलं, कोण जाणे. दोन दिवसांनी फुगल्या, तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या, मग वास सुटला. एक फोडून पाहिली. आत तपकिरी भुगा. तरी मी बाकीच्या फेकल्या नाहीत. वासासकट डबीत घातल्या. वहिनीच्या दारावरून गेलो तर ती पिशव्यांना पाणी घालत होती. मातीला पाणी घालत होती, देव्या, नुसत्या मातीला. मला पाहून म्हणाली, ‘‘भाऊजी, या न.’’ मी हात हलवला आणि मोटरसायकल दामटली.

तशीच ती गारदऱ्यापर्यंत दामटली. खाली उतरलो. पाहुण्याच्या बुडाशी गुडघे टेकून सगळा पाचोळा चाळला, वीत वीत. पोखरलेल्या कवच्या मिळाल्या, साळिंदराचा एक काटा मिळाला. फळ नाही. धारेखालच्या कुंडाच्या खडकावर पाण्याची जुनी रेघ माझ्या छातीला लागते, पाणी घोट्यापर्यंत. वरून माझ्याच बोअरची घरघर ऐकू येत होती. त्या दऱ्यात एवढ्या वर्षांत मला ती कधी ऐकू आली नव्हती, कारण तू बोलत असायचास.

तिथंच बसून वहीचं शेवटचं पान काढलं. अक्षर वाकडंतिकडं, नळी लावलेल्या हाताचं. मी येऊन गेल्यानंतरचंच असणार, कारण लिहिलंस ते असं:

‘पुढचा बहार. गंग्याला सोबत खाली नेणे. वही त्याला वाचून दाखवणे. दोनदा.’

तिथं मी मोठ्यानं हसलो. दोनदा! आणि मग ते हसू काही हसू राह्यलं नाही. पुढचा बहार म्हणजे पाच-सहा वर्षं. मी आता एकसष्टचा, साखर वाढलेली, उतरताना दोनदा पडलो. झरा तोवर राहील का, ठाऊक नाही. पाहुण्याच्या एका बाजूची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. त्याला पानं टाकता येत नाहीत असं तूच म्हणाला होतास. मग ही का गळून राह्यली? कोणाला विचारू?

पण तू लिहिलंस, वाचून दाखवणे. ते काम तुझं होतं. तू नाहीस, तेव्हा मी वही पहिल्या पानापासून उघडली आणि पाहुण्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागलो, मलाच. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गंगाधर माळी गेला कामातून. तीन ओळी वाचल्या. चौथ्या ओळीत एक शब्द आहे, ‘कोवळ्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात’ याच्या पुढचा. त्यावर पाणी पडून शाई पसरलीय. डोळ्याजवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. लागत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात काय, देव्या? एवढा एक शब्द सांग. या खेपेला मी खरंच ऐकून राह्यलोय.